उभी आहेस तीच भूमी

प्रिय बाळ,

ख्रिस्तात सलाम.

तुझा मेसेज मंगळवारी रात्री वाचला. चष्मा काढून ठेवला, थोड्या वेळाने पुन्हा लावला आणि पुन्हा वाचला. "मावशी, मेळाव्यात तीन दिवस आकाश उघडं होतं. घरी आले तर पुन्हा आजीचं डायपर, पुन्हा पतसंस्थेचं काउंटर. इथे देव जाणवतच नाही. तो तिकडेच राहिला का?" आणि खाली, सहज सुचल्यासारखी, एक ओळ: नोकरी सोडून बायबल स्कूलला अर्ज करू का.

फोनच करणार होते. पण फोनवर तू नुसतं "हो मावशी, हो मावशी" करतेस आणि मग तुझ्या मनासारखं करतेस. म्हणून कागद घेतला. लांबेल. आजीला झोप लागली की सावकाश वाच.

देव आहे, त्याचं तुझ्यावर प्रेम आहे, त्याला सगळं ठाऊक आहे, हे मी लिहीत बसणार नाही. ते तू संडे स्कूलच्या सतरंजीवर माझ्यासमोर बसून पाठ केलेलं आहेस, आणि त्यावरचा तुझा विश्वास डळमळलाय असं मला वाटत नाही. तुझं कोडं पत्त्याचं आहे. देव नेमका कुठे भेटतो हे तुला कळेनासं झालंय. तुला वाटतंय तो मंडपात भेटतो, जिथे एवढी माणसं हात वर करून गातात. तुमच्या मागच्या खोलीत, जिथे फिनेलचा आणि म्हातारपणाचा वास आहे, तिथे तो यायचा नाही.

मी एकच सांगणार आहे आणि या पत्रात पुन्हा पुन्हा तेच सांगणार आहे. उभी आहेस तीच भूमी.

निर्गमचा तिसरा अध्याय काढ. झुडपाची गोष्ट तुला येते, पण पहिली ओळ वाच. मोशे आपला सासरा इथ्रो याचा कळप चारत होता. कळपसुद्धा स्वतःचा नव्हे, सासऱ्याचा. मिसरातून पळून त्याला ४० वर्षं झाली होती, असं प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफन सांगतो. ४० वर्षं रोज सकाळी दुसऱ्याची मेंढरं सोडायची, पाण्यावर न्यायची, संध्याकाळी मोजून आत घ्यायची. राजवाड्यात वाढलेला माणूस तो. त्याला कंटाळा आला नसेल? आणि त्या कामाच्या मधोमध, कामाच्याच जागी, झुडूप पेटलं. "पायांतले जोडे काढ, कारण ज्या जागी तू उभा आहेस ती पवित्र भूमी आहे." दुसऱ्या कुठल्या जागी ये, असं देव म्हणाला नाही. पारनेरच्या बाजूला शेतात धनगरांची मेंढरं बसतात तेव्हा तिथे कसा वास असतो, तुला माहीत आहे. लेंड्या पडलेली तसलीच ती जागा. तुमच्या मागच्या खोलीपेक्षा काही स्वच्छ नव्हती.

माझं नोकरीचं अर्धं आयुष्य रात्रपाळीत गेलं. त्यामुळे नाताळच्या गोष्टीतले मेंढपाळ मला फार जवळचे वाटतात. तेही रात्री जागे राहून राखण करत होते. देवदूत आले, ते धावत बेथलेहेमला गेले, गव्हाणीतलं बाळ डोळ्यांनी पाहिलं. आणि मग लूक काय लिहितो? देवाचा गौरव व स्तुती करत ते परत गेले. परत गेले, बाळ! कुठे जाणार? मेंढरांकडेच. कुणी कळप विकून प्रचाराला निघाल्याचं लिहिलेलं नाही. माझे ६८ नाताळ झाले. चांदण्या टांगल्या, कॅरल गात रात्र रात्र फिरले, करंज्या तळल्या. पण "परत गेले" या दोन शब्दांवर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही. तू मेळाव्याहून परत आलीस. तिथे जे पाहिलंस ते खरंच असेल, मी नाही म्हणत नाही. पण परत येणं हाही त्याच गोष्टीचा भाग आहे, आणि तू त्याला शिक्षा समजून बसली आहेस.

आता जे लिहिते ते तुझ्या आईलाही नीट माहीत नाही.

मी तेव्हा पस्तिशीत होते, एका मिशन दवाखान्यात स्टाफ नर्स. त्या वर्षांत मी पेटलेली होते. बुधवारी प्रार्थनासभा, शुक्रवारी उपास-प्रार्थना, रविवारी सकाळी उपासना आणि दुपारी बायकांची सभा, शिवाय वर्षातून तीन-चार मेळावे. सगळ्या रजा त्यातच जायच्या. तुझे काका एसटीच्या वर्कशॉपमधून येऊन झाकून ठेवलेलं गार जेवण जेवायचे. मुलगा शेजारी अभ्यास करायचा आणि पुष्कळदा तिथेच झोपून जायचा. मला वाटायचं, मी प्रभूसाठी धावतेय ना, घरचं तो बघेल.

त्या वर्षी सासूबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. वॉर्डात मी शिकाऊ मुलींना रोज पढवायचे की दर दोन तासांनी कूस बदला, पाठ बघा, चादरीला सुरकुती राहू देऊ नका. हाडाच्या उंचवट्यावर वजन पडून राहिलं की तिथलं रक्त अडतं, कातडी मरते, बेडसोअर होतो. माझ्या वॉर्डात कुणाला बेडसोअर झाला तर मला रात्री झोप लागत नसे.

फेब्रुवारीत तीन दिवसांचा मेळावा होता. मी गेले. सासूबाईंपाशी ओळखीतली एक मुलगी बसवली. पेज भरव म्हटलं, कूस बदल म्हटलं, पण कशी बदलायची ते करून दाखवलं नाही, कारण गाडीची वेळ झाली होती. तिकडे तीन दिवस गायले, रडले. शेवटच्या रात्री वाटलं की देवाचा हात माझ्या डोक्यावर आहे. रविवारी रात्री साडेदहाला घरी पोचले. गाणं अजून ओठांवर होतं. सासूबाई जाग्या होत्या. तोंड वाकडं झालेलं, शब्द धड उमटत नव्हते, तरी मला कळलं. "आलीस? जेवलीस का?"

मी त्यांना कुशीवर घेतलं. कमरेच्या खाली, हाडावर, जखम होती. रुपयाएवढी, मधे काळी.

पुढचे सात आठवडे ती जखम मी धुतली, सकाळ-संध्याकाळ. एप्रिलमध्ये त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका आला, जखमेचा संबंध नाही. खरंच असेल. एवढं मलाही कळतं. पण "जेवलीस का" हे मला अजून ऐकू येतं, आणि स्वयंपाक करताना जास्त ऐकू येतं.

मला कुणी रागावलं नाही. तेच जड गेलं. काका एक शब्द बोलले नाहीत. मुलगा मात्र कॉलेजात असताना एकदा म्हणाला, "आई, तुझा देव नेहमी बाहेरगावी असायचा." तो पुण्यात असतो, बरं चाललंय, रोज फोन करतो. चर्चमध्ये जात नाही. त्याच्या त्या वाक्याला माझ्याजवळ आजही उत्तर नाही. तो आला की हुलग्याचे शेंगोळे करते आणि त्याचं जेवण होईपर्यंत समोरून उठत नाही. सांडशी हातात घेऊन बसून राहते.

त्या सात आठवड्यांचं मात्र सांगायला हवं. सुरुवातीला ड्रेसिंग करताना मी सारखी क्षमा मागायचे, कधी देवाची, कधी त्यांची, तोंडातल्या तोंडात. हळूहळू शब्द संपले. एका सकाळी खिडकीतून ऊन त्यांच्या पाठीवर आलं होतं. मी गॉज घडी करून ठेवत होते. कुठलंही वचन आठवलं नाही. "ह्या माझ्या कनिष्ठ बंधूंपैकी एकाला तुम्ही केलं ते मला केलं" हेसुद्धा नाही. नुसती ती पाठ, तो गॉज, ते ऊन. आणि एवढं कळलं की मी असायला हवी तिथेच आहे. झुडूप पेटलं नाही. पण पायांत चपला होत्या त्या मी काढून बाजूला सारल्या. का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

उभी आहेस तीच भूमी. हे मी पुस्तकातून उचललेलं नाही, बाळ. याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली आहे.

तेव्हापासून मी मेळाव्याला गेले नाही. एकाही नाही. महिला मंडळाच्या चिटणीसपदाला तीनदा नाही म्हटलं. मंडळीत कुजबुज झाली की बाई थंड पडल्या. एक पाळक घरी आले आणि प्रकटीकरणातलं लावदिकीयाच्या मंडळीचं वचन वाचून गेले, ना थंड ना उष्ण, कोमट. मी ऐकून घेतलं. त्या दिवशी बोलता आलं नाही, म्हणून आज लिहिते: मी कोमट नव्हते. पुढची २३ वर्षं मी वॉर्डात काढली. पहाटे चारला सगळे झोपलेले असताना ज्याचं कुणी येत नाही अशा म्हाताऱ्याची नखं कापणं, दाढी करणं, तोंड धुऊन देणं ही माझी शुक्रवारची प्रार्थनासभा होती. तिथे माझी साक्ष ऐकायला कुणी नव्हतं. मला ती कुणाला ऐकवायचीही नव्हती. मी फार ताणलं असेल, एखाद्या मेळाव्याला जायला हरकत नव्हती, काका असं म्हणायचे. मला नाही पटलं. अजून नाही पटत.

आणि प्रार्थना मी सोडलेली नव्हती. एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुवायचे असतात. साबण लावून, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं असं नीट धुवायला अर्धा मिनिट तरी लागतो. प्रभूची प्रार्थना मराठीत सावकाश म्हटली तर जवळपास तेवढाच वेळ लागतो. "आमची रोजची भाकर" म्हणेपर्यंत मी अंगठ्यापाशी आलेली असे. एका पाळीत तीस-चाळीस वेळा हात धुतले जायचे. मोजून बघ.

त्या भाकरीपाशी जरा थांब. आपल्या मराठी बायबलात तिथे भाकर आहे, चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या तोंडचा शब्द. ती थापायची, तव्यावर पाणी फिरवायचं, बोटांना चटका बसायचा, आणि उद्या पुन्हा पीठ मळायला घ्यायचं. रोजची म्हणजे रोजची. इस्राएल लोकांना देव रानात रोज सकाळी जे अन्न द्यायचा, तो मान्नाही तसाच होता. ज्यांनी सकाळपर्यंत उरवून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले आणि त्याला घाण येऊ लागली. तू मेळाव्यातला मान्ना डब्यात भरून घरी आणलास, गुरुवारी डबा उघडलास, आणि आता देवाने फसवलं म्हणून रडतेस. फसवलं नाही. तो तिथला होता, त्या दिवसाचा होता. इथला इथे वेचायचा आहे, आणि ऊन चढायच्या आत वेचायचा आहे.

तू मार्था आणि मरीया काढशील, एक रांधणारी आणि दुसरी प्रभूच्या पायांशी बसून ऐकणारी, मला ठाऊक आहे. मी शिकवलेलं माझ्यावरच उलटवायची तुझी जुनी सवय आहे. काढ. प्रभू मार्थेला काय म्हणाला? "तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस." काळजी आणि दगदग. रांधण्याला तो काही बोलला नाही. आणि पुढे योहानाचा बारावा अध्याय वाच. त्याच बेथानीत पुन्हा जेवण आहे, त्यांचा भाऊ लाजर पंगतीला बसलाय, आणि मार्था वाढतेय. अजूनही वाढतेच आहे, आणि या वेळी तिला कुणी काही म्हणत नाही. दगदग गेली, वाढणं राहिलं. मेलेल्यांतून उठल्यावर प्रभूने स्वतः काय केलं? तिबिर्याच्या काठावर कोळशांचा विस्तव पेटवला, मासळी आणि भाकर तयार ठेवली, आणि रात्रभर जाळी ओढून दमलेल्या माणसांना म्हणाला, "या, न्याहारी करा." मरणावर जय मिळवून आलेला देव चुलीपाशी बसलाय. आणि तू मला विचारतेस की स्वयंपाकघरात देव असतो का!

रागावले. पाणी पिऊन आले.

प्रभूची पहिली तीस वर्षंही विसरू नको. नासरेथ हे लहानसं गाव, सुताराचं काम, विधवा आई असावी. त्या वर्षांतलं एकही प्रवचन लिहून ठेवलेलं नाही. तरी यार्देन नदीत बाप्तिस्म्याच्या वेळी आकाश उघडलं आणि वाणी झाली, "ह्याच्याविषयी मी संतुष्ट आहे." तोवर त्याने एकही चमत्कार केलेला नव्हता. बाप संतुष्ट होता तो रंधा मारण्यावर, वेळेवर दार-चौकट करून देण्यावर. मी असंच समजते. कुणी पंडित चूक काढेल तर काढो.

तुझा एक शब्द मला खुपला: जाणवत. देव जाणवत नाही. हल्ली सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द आहे. अगं, श्वास तरी कुठे जाणवतो? दमा झाला की जाणवतो. मदर तेरेसांना कित्येक वर्षं, अगदी दशकं, आत नुसता काळोख वाटत होता, देव नाहीसा वाटत होता. त्यांची पत्रं २००७ मध्ये छापून आली तेव्हा ते जगाला कळलं, त्या जाऊन दहा वर्षं झाल्यावर. त्या काळोखात त्यांनी एकही जखम धुवायची ठेवली नाही. जाणवल्यावर करू, असं त्या म्हणाल्या असत्या तर कोलकात्याच्या किती माणसांनी रस्त्यावरच डोळे मिटले असते? तिकडे पॅरिसच्या मठात सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स म्हणून एक होते. लढाईत जखमी झालेले शिपाई. मठाने त्यांना स्वयंपाकघरात घातलं. त्यांना त्या कामाचा मनापासून तिटकारा होता, आणि तरी तिथेच, भांड्यांच्या खडखडाटात, ते देवाशी बोलायला शिकले. हे मला फार उशिरा कळलं. तिटकारा होता हे वाचून मला जेवढा धीर आला तेवढा कुणाच्या दर्शनाची गोष्ट ऐकून आला नाही. तुला आजीच्या खोलीत जाताना मळमळतं, तर मळमळू दे. नाकाला रुमाल बांध. पण जा.

केडगावचंही सांगते. आपल्या नगरजवळचं नव्हे, दौंडजवळचं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ मध्ये मोठी आत्मिक जागृती झाली, रात्र रात्र मुली प्रार्थना करत होत्या, हे तू मेळाव्यात ऐकलं असशीलच, कारण प्रत्येक मेळाव्यात ते सांगतात. पण तिथे त्याआधी आणि त्यानंतर काय चालायचं ते कुणी सांगत नाही. दुष्काळातून उचलून आणलेल्या हाडकुळ्या मुली, त्यांच्या डोक्यातल्या उवा, खरूज. शेकडो तोंडांचं दळण. विहिरी खोदणं, शेती, गाई, तेलाचा घाणा, हातमाग. छापखान्यात मुली अक्षरांचे खिळे जुळवायच्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची वर्षं साध्या मराठीत अख्खं बायबल उतरवण्यात घालवली, १९२२ मध्ये देह ठेवीपर्यंत. एकेक ओळ, एकेक शब्द, एकेक खिळा. जागृतीचे दिवस मोजता येतात, बाळ, दळणाचे मोजता येत नाहीत. त्या दळणाऱ्या बायकांना देव जात्यापाशी भेटलाच नाही, असं म्हणायची माझी छाती नाही. जनाबाईच्या मुलखात तर नाहीच नाही.

आपल्याच नगरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं बघ. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांत त्यांच्या मनाची उलथापालथ झाली ती पाण्याच्या भांड्यापाशी आणि जेवणाच्या ताटापाशी, कुणाच्या हातचं प्यायचं आणि कुणाच्या पंगतीला बसायचं या प्रश्नावर. टिळक कवी होते, त्यांची वाट वेगळी. लक्ष्मीबाईंची वाट घरातूनच गेली.

आता तुझं काउंटर. तू लिहिलंस, दिवसभर नोटा मोजायच्या, पासबुकं भरायची, यात देवाचं काय? गेल्या वर्षी मी तुमच्या पतसंस्थेत आले होते तेव्हा रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी होती, लुगडं नेसलेली, कनवटीला पासबुक. तुला आठवणार नाही. तू तिच्या हातातून पुस्तक घेतलंस, शाई उमटवलीस, आणि खिडकीतून वाकून तिच्या कानापाशी आकडा मोठ्याने सांगितलास. ती म्हणाली, "परत सांग." तू परत सांगितलास. मागे रांगेत लोक चुळबुळत होते. तिने ते पुस्तक कपाळाला लावलं. मी तिथेच ठरवलं होतं की हे तुला कधीतरी सांगायचं. त्या बाईला वाचता येत नाही. तिचे पैसे आहेत की गेले, हे तिला फक्त तुझ्या तोंडून कळतं. तुझा शब्द खरा असणं हा तिचा म्हातारपणीचा आधार आहे. तुझ्या बायबल स्कूलच्या अर्जात "सेवेचा अनुभव" असा रकाना असेल ना? तिथे काय लिहिणार होतीस? काही नाही, असंच ना? "जे काही तुम्ही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा" हे पौलाने कलस्सैच्या मंडळीला लिहिलं तेव्हा त्याच्या समोर दास होते, दुसऱ्यांची घरं झाडणारी माणसं. पाळक नव्हते.

पण एक गोष्ट नीट समजून घे. मी तुला घरात कोंडत नाहीये. "आहेस तिथेच राहा" हे आपल्याकडे बायकांना फार सोयीने सांगितलं जातं, आणि सांगणारे स्वतः मात्र गॅलरीत पेपर वाचत बसतात. तुझा भाऊ २२ वर्षांचा आहे, जिमला जातो, तीस-तीस किलोचे डंबेल उचलतो. आजीचं वजन जेमतेम चाळीस किलो असेल. त्याला मागची खोली अजून माहीत आहे का? ती त्याचीही भूमी आहे. त्याच्या वाट्याची पवित्र भूमी तू एकटी बळकावून बसू नको. तू दमून रडतेस यात देवाचा गौरव नाही. वॉर्डात मीही एकटीने रोगी उचलला नाही, दोघी लागतात, नाहीतर पाठ जाते.

आणि अर्ज. बोलावणं असेल तर जा, मी आडवी येणार नाही, शिफारसपत्र मीच लिहीन. मोशेलाही शेवटी मेंढरं सोडून जावं लागलं. पण तो कंटाळून गेला नाही, त्याला पाठवलं गेलं, आणि तो तर नको नको म्हणत होता. तू उलट आहेस. तुला जायची घाई झालीय आणि पाठवणाऱ्याचा अजून पत्ता नाही. खोलीतून पळायला म्हणून सेवेत जाशील तर तिथेही एक मागची खोली असेलच, आणि तिथून तू कुठे पळशील? मी पळाले होते. मी माझ्या सासूबाईंच्या खाटेपासून थेट देवाच्या नावाने पळाले होते, आणि देव त्या खाटेपाशीच बसलेला होता, तीन दिवस, एकटा, त्यांच्याजवळ. हे मी कितीही वेळा लिहिलं तरी माझं समाधान होत नाही. उभी आहेस तीच भूमी. अर्ज सहा महिने थांबव. मोजून सहा महिने. त्या अवधीत रोज आजीची पाठ बघ आणि मग मला सांग.

पाठ बघायची म्हणजे कशी, ते नीट सांगते, कारण एकदा न दाखवता गेले होते. कमरेखालचं हाड, दोन्ही टाचा, कुल्ल्यांच्या बाजू, खांद्यांची पाती. लाल दिसलं तर चोळायचं नाही, चोळल्याने आतून जास्त बिघडतं. बोटाने हलकं दाबून बघ. दाबल्यावर पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर अजून वेळ आहे, त्या बाजूचं वजन लगेच काढ. तसंच लालच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलाव. कातडी ओली राहू देऊ नको. टाचा गादीला टेकता कामा नयेत, पोटरीखाली उशी घाल.

रविवारी उपासना सुटली की मी तुमच्याकडे येते, दीडच्या सुमाराला. जेवायला काही करू नकोस, मी भाकरी आणि पिठलं घेऊन येईन. भावाला घरी थांबायला सांग, मॅच असली तरी. एक जुनी सुती चादर, मऊ झालेली, धुऊन उन्हात वाळवून ठेव. दुहेरी घडी करून आजीच्या खांद्यांपासून मांड्यांपर्यंत खाली घालायची म्हणजे दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलता येतं, कातडी घासत नाही. तू डावीकडे, तो उजवीकडे. आणि आजीला आधी सांगायचं की आता तुम्हाला वळवतो आहोत. त्यांना बोलता येत नसलं तरी ऐकू येतं.

तुझी,
मावशी